वानरांचा संसार आणि मनुष्याचा स्वभाव

अकबर-बिरबलाच्या म्हणून ज्या गोष्टी आपल्या घरोघर सांगितल्या जातात, त्यांत माकडीण व तिचे पिलू यांची गोष्ट न ऐकलेला मराठी मनुष्य विरळाच. जगात सर्वांत प्रिय काय, असा वाद दरबारात निघतो. आईला मूल सर्वांत प्रिय, असे बहुतेकांचे मत पडते; बिरबल म्हणतो, ज्याला त्याला आपला जीव. मग रिकाम्या हौदात एक माकडीण तिच्या पिलासह सोडून वरून पाणी भरू लागतात. पाणी कमरेस लागताच ती पिलास खांद्यावर घेते, गळ्याशी येताच डोक्यावर धरते. परंतु नाकातोंडात शिरू लागताच त्याला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. दरबार निरुत्तर होतो व बिरबल जिंकतो.

ही कथा आहे, कोणी केलेला प्रयोग नव्हे, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही भाऊबंदकीच्या वादात, दिवाणखान्यातील राजकारणाच्या गप्पांत आणि मुलांस व्यवहार शिकविताना ती पुराव्यासारखी पुढे केली जाते. ‘शेवटी माणूस स्वार्थीच’ या सिद्धांताला तिच्याइतका सोयीचा साक्षीदार दुसरा मिळत नाही. तिच्या पोटात दोन गृहीते दडलेली आहेत. एक असे की, रीतिभाती, धर्म, कायदा ही वस्त्रे उतरविली की आत जो मनुष्य उरतो तो माकडात उघडा दिसतो. दुसरे असे की, प्राणी अगदी पेचात सापडला म्हणजे जे करतो तोच त्याचा खरा स्वभाव. एरवीचे सारे सोंग. गंमत अशी की गेल्या दीडशे वर्षांत पाश्चात्य व पौर्वात्य पंडितांनी वानरांचा जो अभ्यास केला, त्याचा बराचसा भाग याच दोन गृहीतांची उलटतपासणी आहे. आणि या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या शेजारच्या धारवाडास घडलेले आहे. ते मराठी वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आरंभी शब्दांचा निवाडा करणे अवश्य आहे. आपण वानर म्हणतो तो काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, राखी अंगाचा, पाने खाऊन राहणारा प्राणी. माकड हे तांबूस तोंडाचे, गालफडांत दाणे कोंबणारे, दारोदार खेळ करीत फिरविले जाणारे. आणि ज्यांस शेपटी नाही असे चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान व गिबन हे कपी. आपले सर्वांत जवळचे आप्त कपी होत. वानर व माकडे ही त्या मानाने दूरची भाऊबंद. चिंपांझी व बोनोबो यांच्या पूर्वजांची व आपल्या पूर्वजांची फाटाफूट सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाली असे मानतात. म्हणजे मनुष्य आजच्या कोणत्याही माकडापासून झालेला नाही. दोघेही एका जुन्या घराण्याच्या निरनिराळ्या शाखा आहेत. चार्ल्स डार्विनने १८७१ साली मनुष्याच्या वंशाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने केवळ हाडांचे साम्य सांगितले नाही. आपली नीतिबुद्धीसुद्धा कळपाने राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्परस्नेहातून वाढत आली असावी, असे त्याचे म्हणणे होते. टीकाकारांनी हाडांवरून गदारोळ केला, परंतु खरा नाजूक प्रश्न हा दुसराच होता.

हा प्रश्न आपल्या लोकांस अगदी नवा होता असे नाही. वानराविषयी आपल्या मनात पूर्वीपासून दोन परस्परविरुद्ध चित्रे आहेत. एकीकडे ‘मर्कटचेष्टा’, ‘माकडाच्या हाती कोलीत’ हे शब्द आहेत. मन चंचल म्हणजे माकड. दुसरीकडे मारुती आहे. वाळवे तालुक्याचे ठाणे जे इस्लामपूर (ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ साली जाहीर केला), त्याच्या आसमंतातच या दुसऱ्या चित्राची दोन प्रसिद्ध स्थाने आहेत. समर्थ रामदासांनी शके १५६६ ते १५७६ या दहा वर्षांत, म्हणजे इ. स. १६४४ ते १६५४ च्या दरम्यान, जे अकरा मारुती स्थापिले अशी परंपरा आहे, त्यांतील एक कृष्णेच्या पात्रातील बेटावर बहे-बोरगाव येथे आणि एक पश्चिमेस बत्तीस शिराळ्यास आहे. शिराळ्याच्या पलीकडे चांदोलीच्या रानात खरेखुरे वानर झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत असतात. एकाच प्राण्यात एका समाजाने चांचल्याचा नमुना पाहिला आणि बल व दास्य यांचा आदर्शही पाहिला. यावरून एक गोष्ट उघड होते. मनुष्य वानराकडे पाहतो तेव्हा पुष्कळदा तो आपल्या मनातलेच पाहत असतो. ही सूचना शास्त्रज्ञांसही लागू पडते, हे आता दिसून येईल.

बिरबलाचा हौद कल्पनेतला होता. लंडनचा हौद खरा होता. तेथील प्राणिसंग्रहालयात १९२५ साली कृत्रिम खडकांची एक टेकडी उभारून तीत शंभराच्या आसपास हमाद्रियास जातीचे बबून सोडण्यात आले. हाच तो प्राणी, ज्याला प्राचीन मिसर देशात, आपल्याकडे मारुतीला असावे तसे, देवत्व होते. सोडलेले बहुतेक सारे नर होते; माद्या अगदी थोड्या. त्या माद्यांवरून नरांत जी झुंज जुंपली तीत कित्येक प्राणी मेले. १९२७ साली आणखी तीस माद्या सोडल्यावर तर रक्तपाताला पारावार राहिला नाही. ओढाताणीत माद्या फाडल्या गेल्या, पिले चिरडली गेली. सॉली झुकरमन या तरुण शरीरशास्त्रज्ञाने हे सारे टिपून १९३२ साली वानर व कपी यांच्या सामाजिक जीवनावर ग्रंथ लिहिला. वानरसमाजाला बांधून ठेवणारी शक्ती कामवासना आणि त्या समाजाची व्यवस्था म्हणजे बलवानाचा जुलूम, असा त्याचा इत्यर्थ होता. हे निष्कर्ष पुढे बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. त्या काळचा युरोप एका महायुद्धातून नुकताच बाहेर पडलेला व दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभा होता. आपल्या क्रौर्याचे मूळ रक्तातच आहे, असे कोणी सांगितले तर ते त्याला चटकन पटण्याजोगे होते.

पुढे १९६०-६१ साली हान्स कुमर हा स्विस संशोधक अबिसीनियाच्या डोंगरांत याच जातीचे बबून पाहण्यास गेला. तेथे त्याला निराळेच दृश्य दिसले. तेथे एकेका नराचे दोन-चार माद्यांचे लहान कुटुंब असते, अशा कुटुंबांची मोठी टोळी रात्री कड्यांवर एकत्र निजते आणि एकाच्या कुटुंबाकडे दुसरा नर सहसा वाकड्या नजरेने पाहत नाही. नर आपल्या माद्यांस मान चावून वठणीवर आणतो, म्हणजे ते रामराज्य नव्हे. तथापि लंडनचे स्मशानही नव्हे. लंडनमध्ये परस्परांस अनोळखी नर कोंडले होते, माद्यांचे प्रमाण उलटे होते आणि हरलेल्यास पळून जाण्यास वाव नव्हता. तेथे जे दिसले ते खोटे नव्हते. पण ते बबूनाच्या स्वभावाइतकेच त्या टेकडीचेही वर्णन होते.

यावरून कोंडलेल्या प्राण्याकडून काहीच शिकता येत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत हॅरी हार्लोने १९५८ च्या सुमारास माकडाची तान्ही पिले आईपासून तोडून त्यांस दोन कृत्रिम आया दिल्या: एक तारेची, जिच्याजवळ दुधाची बाटली होती, आणि दुसरी मऊ कापडाची, जिच्याजवळ काहीच नव्हते. पिले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि सारा दिवस कापडाच्या आईस बिलगून राहत. भय वाटले की तिच्याच कुशीत शिरत. एकटी वाढविलेली पिले पुढे वेड्यासारखी वागू लागली. माया म्हणजे पोटाचा व्यवहार, असे मानणाऱ्या पंडितांस यामुळे आपली मते बदलावी लागली. हाही एक हौदच होता, व अतिशय निर्दय होता. पण त्याने बिरबलाच्या उलट साक्ष दिली. सारांश, प्राण्यापासून काय हिरावून घेतले हे ध्यानात ठेवले तर कोंडवाडाही काही सांगतो. ते विसरले तर तो फसवितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर वानरांस त्यांच्या घरी जाऊन पाहण्याचे युग सुरू झाले. १९४८ साली जपानात किंजी इमानिशी व त्याचे शिष्य माकडांच्या टोळ्या पाहू लागले. त्यांनी प्रत्येक माकड निरनिराळे ओळखले, त्यास नाव दिले आणि वर्षानुवर्षे घराण्यांच्या नोंदी ठेवल्या. पाश्चात्यांस प्रथम ही पद्धत भाबडी वाटली. पण नाव दिल्यावाचून नाती कळत नाहीत आणि नाती कळल्यावाचून समाज कळत नाही. १९५३ साली कोशिमा बेटावर इमो नावाच्या लहान माकडीने वाळू लागलेले रताळे पाण्यात धुऊन खाण्यास आरंभ केला व ती रीत तिच्या सवंगड्यांत, आईत व पुढच्या पिढीत पसरली. शिकलेली रीत वारशाने चालविणे ही केवळ मनुष्याची मिरास नव्हे, हे तेव्हा दिसून आले. १९६० साली जेन गुडाल टांगानिकातील गोंबेच्या अरण्यात गेली आणि चिंपांझी काड्या सोलून वारुळातील वाळवी काढतात हे तिने जगास दाखविले.

हिंदुस्थानात वानरांचा असा अभ्यास प्रथम फिलिस जे या अमेरिकन बाईंनी १९५८ ते १९६० च्या दरम्यान उत्तर प्रदेशात व बस्तरच्या रानात केला. त्यांस दिसलेला वानर सौम्य, आळसट व कुटुंबवत्सल होता. पिलू जन्मल्यावर काही तासांतच टोळीतील इतर माद्या ते हाताळण्यास मागतात, आई देते, आणि काळसर अंगाचे ते बाळ या मावशीकडून त्या मावशीकडे फिरत राहते, हे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. मारुतीच्या देशातील वानर शांत आहे, हे वाचून सर्वांस बरे वाटले.

थोड्याच दिवसांत धारवाडची वार्ता आली. धारवाड म्हणजे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातील जिल्हा; मराठी घराण्यांचे व गवयांचे जाणे-येणे असलेले गाव. त्याच्या नजीकच्या पानझडी रानात व शेतांच्या कडेला वानरांच्या पुष्कळ टोळ्या होत्या. १९६१ पासून सुमारे दोन वर्षे युकिमारु सुगियामा हा जपानी संशोधक व त्याचे जपानी व भारतीय सहकारी या टोळ्यांमागे हिंडत होते. तेथील बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, कित्येक माद्या व त्यांची पिले असत. टोळीस मुकलेले बाकीचे नर वेगळे जमाव करून राहत. १९६२ साली अशा एका जमावाने टोळीवर चाल केली. जुन्या नराचा पाडाव होऊन त्याला हाकलून देण्यात आले. मग जिंकणाऱ्यांपैकी एकाने आपल्या सोबत्यांसही घालवून टोळी ताब्यात घेतली आणि त्यानंतर एकामागून एक अंगावर पिणारी पिले चावून मारली. ज्यांची पिले गेली त्या माद्या लवकरच माजावर आल्या व नव्या नरास राजी झाल्या.

ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा बहुतेकांनी तिला विकृती म्हणून बाजूस सारले. माणसांची वस्ती वाढली, रान आकसले, गर्दी झाली, म्हणून हे प्राणी बिघडले, असा समज झाला. १९७१ ते १९७५ या काळात सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन विदुषीने अबूच्या पहाडावर हाच प्रकार वारंवार घडताना पाहिला व निराळा अर्थ लावला. एका नराची सत्ता सरासरीने दोन-अडीच वर्षांहून अधिक टिकत नाही. मादी अंगावर पाजीत आहे तोवर तिला पुन्हा गर्भ राहत नाही. तेव्हा दुसऱ्याचे पिलू मारणारा नर आपली संतती लवकर निर्माण करतो व त्याचा वंश वाढतो. हे वेड नसून निसर्गाने पोसलेला निर्दय हिशेब आहे, असे हर्डीबाईंचे प्रतिपादन होते. यावर वीस-पंचवीस वर्षे कडाक्याचा वाद झाला. अखेर नेपाळातील रामनगर येथील वानरांच्या विष्ठेतून मिळालेल्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करून १९९९ साली असे दाखविण्यात आले की, हल्ला करणारे नर मेलेल्या पिलांचे बाप नव्हते आणि पुढची पिले मात्र त्यांचीच असण्याचा संभव होता. हर्डीबाईंची बाजू बळकट झाली.

इथे पुष्कळ वाचकांच्या मनात बिरबल पुन्हा डोके वर काढील. पण धारवाड व अबू येथील आयांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी पिलांस पायाखाली घातले नाही. त्या पिलास पोटाशी धरून दिवसचे दिवस पळत राहिल्या. पिलू नसलेल्या म्हाताऱ्या माद्यासुद्धा नराच्या अंगावर धावून गेल्या व कित्येकदा जखमी झाल्या. काही माद्या निरनिराळ्या नरांशी संग करतात; त्यायोगे पिलू आपले नव्हे अशी कोणाही नराची खात्री पटू नये, असा निसर्गाचा डाव त्यात असावा, असे हर्डीबाई म्हणतात. आणि पिलू मेल्यावर ते शुष्क कलेवर कित्येक दिवस छातीशी धरून हिंडणाऱ्या आया वानरांत, माकडांत व चिंपांझींतही अनेकांनी पाहिल्या आहेत. बिरबलाच्या सिद्धांताला वास्तवातील माकडीण साक्ष देत नाही. ती साक्ष देते ती अशी की, तिच्या जातीत वात्सल्यही खरे आहे व बालहत्याही खरी आहे. दोन्ही एकाच रानात, एकाच दिवशी नांदतात.

मग आपला स्वभाव कोणता? कपींकडे वळले म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण आपल्या दोन सख्ख्या शेजाऱ्यांची साक्ष परस्परांशी जुळत नाही. गोंबेच्या चिंपांझींची टोळी दुभंगल्यावर १९७४ ते १९७८ या चार वर्षांत मोठ्या टोळीच्या नरांनी धाकट्या टोळीतील नरांस एकेकटे गाठून ठार केले. कालपर्यंत जे एकमेकांचे अंग विंचरीत होते तेच आता जीव घेऊ लागले. गुडालबाईंनी त्यांस केळी चारली म्हणून हे घडले, असे काही म्हणाले. परंतु २०१४ साली चिंपांझींच्या १८ टोळ्यांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र करून पाहिल्या असता, माणसांचा उपद्रव हे या हत्यांचे मुख्य कारण दिसले नाही. बोनोबो मात्र, जे आपल्याला चिंपांझीइतकेच जवळचे आहेत, त्यांच्यात माद्या एकजूट करून उद्दाम नरास आवरतात, आणि दोन टोळ्या रानात भेटल्या तर पुष्कळदा शेजारी बसून खातात. ताकायोशी कानो या जपान्याने १९७० नंतरच्या दशकात काँगोतील वांबा येथे त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेही संत नव्हेत. त्यांचे नर आपसांत वरचेवर भांडतात, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. पण ती भांडणे जिवावर जात नाहीत.

चिंपांझींचीही एकच बाजू सांगणे अन्यायाचे होईल. हॉलंडमधील आर्न्हेम येथे फ्रान्स द वाल याने १९७५ पासून त्यांची भांडणे पाहताना, भांडण संपल्यावर काय होते हेही पाहण्यास आरंभ केला. दोघे प्रतिस्पर्धी थोड्या वेळाने हात पुढे करतात, तोंडास तोंड लावतात, एकमेकांचे अंग निवडतात. ते अडून बसले तर एखादी वयस्क मादी मध्यस्थी करते. आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यात ख्रिस्तोफ बोश व त्याच्या सहकाऱ्यांनी अनाथ पिलांस दत्तक घेतल्याची १८ उदाहरणे २०१० साली प्रसिद्ध केली. त्यांतील निम्मी पिले नरांनी सांभाळली होती, आणि त्या नरांपैकी बहुतेकांचे त्या पिलाशी पितृत्वाचे नाते नव्हते. एकाच कुळात धारवाडचा नर आहे आणि ताईचाही आहे.

स्वभाव म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे दाखविणारे आणखी एक उदाहरण केनियातील आहे. रॉबर्ट सॅपोल्स्की तेथील बबूनांची एक टोळी वर्षानुवर्षे पाहत होता. १९८० नंतरच्या दशकात त्या टोळीतील दांडगट नर एका प्रवासी विश्रामगृहाच्या उकिरड्यावर जाऊन शेजारच्या टोळीशी मारामारी करून खात असत. तेथील क्षयबाधित मांसाने ते सारे मेले. मागे उरले ते मवाळ नर व माद्या. टोळीतील छळवाद पुष्कळच उतरला. बबूनांत नर वयात आल्यावर परक्या टोळीत जातात; म्हणून दहा वर्षांनी त्या टोळीत जुना असा एकही नर उरला नव्हता. तरी नव्याने आलेले नर तीच सौम्य रीत शिकले. ही हकीकत २००४ साली प्रसिद्ध झाली. बबूनासारख्या आडदांड प्राण्यातही समाजाची वहिवाट जर रक्ताला वळण लावते, तर मनुष्याने रक्ताच्या नावाने हात झटकणे शोभत नाही.

मनुष्य या सर्वांहून वेगळा कोठे पडतो? दोन गोष्टी विशेष दिसतात. पहिली पाळण्यातली. चिंपांझीची आई आपले पिलू कित्येक महिने दुसऱ्याच्या हाती देत नाही. मानवी बाळ मात्र जन्मल्या दिवसापासून आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण यांच्या मांडीवरून फिरते. त्यातही आपल्यात बापाचा हात लागतो. हर्डीबाईंनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, अनेकांनी मिळून मूल वाढविणे हीच मनुष्यजातीची घडी आहे. दुसऱ्याच्या मुद्रेवरून मनातले ओळखण्याची आपली शक्ती या अनेक हातांतून वाढलेल्या बाळांत उपजली असावी. वानरांच्या बालहत्येने जगास हादरविणाऱ्या त्याच विदुषीने उत्तरायुष्यात अंगाईचे शास्त्र लिहावे, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

दुसरी गोष्ट चावडीवरची. ख्रिस्तोफर बोम या मानववंशशास्त्रज्ञाने १९९९ साली असे प्रतिपादिले की, कपींत बलवान दुबळ्यांवर सत्ता चालवितो, तर मनुष्याच्या आदिम टोळ्यांत दुबळे एकत्र येऊन बलवानाला आवरतात: प्रथम थट्टेने, मग बहिष्काराने, अखेर शस्त्राने. याचे उदाहरण शोधण्यास आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर वाळवे तालुक्यातील हजारो शेतकरी मोर्चाने गेले व त्यांच्यावर गोळीबार होऊन माणसे पडली. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या मोर्चातील लोक एका कुळाचे नव्हते. कित्येकांनी एकमेकांस पूर्वी पाहिलेही नसेल. कोणत्याही कपीने परक्या कपीशेजारी उभे राहून एका कल्पनेसाठी छाती पुढे केल्याचे आढळलेले नाही. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात याच मुलखात प्रतिसरकार चालले व त्याने गावोगाव न्यायनिवाडे केले. त्याच सरकारला लोक पत्री सरकार म्हणत, ते तळपायावरील मारामुळे, असे सांगतात. बलवानास आवरणाऱ्यांच्या हातातही शेवटी बळच येते, व त्यालाही आवरावे लागते. मानवी स्वभावाची ही दुसरी बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

येणेप्रमाणे पाहता, वानरांनी मनुष्याच्या स्वभावाविषयी जे सांगितले ते निकालासारखे नसून दौलतीच्या मोजदादीसारखे आहे. आपल्या घरात काय काय आहे याची ती यादी आहे: मत्सर आहे, टोळीचा अभिमान आहे, दुसऱ्याच्या लेकराविषयी निष्ठुरता आहे, तशीच क्षमा आहे, मध्यस्थी आहे, अनाथास उचलून घेणारा हात आहे. यांतील काय वापरात ठेवायचे व काय अडगळीत टाकायचे, याचा निर्णय रक्त करीत नाही. तो परिस्थिती करते, वहिवाट करते व अखेर आपण करतो. म्हणून कोणी ‘माणूस मूळचाच असा’ म्हणून एखाद्या अन्यायाचे समर्थन करू लागला, तर त्याला एवढेच विचारावे की हा हौद कोणी बांधला, आणि पाणी कोण सोडीत आहे?

हे आपल्या जुन्या कवीस उमगले होते असे वाटते. किष्किंधेची कथा धारवाडच्या हकीकतीशेजारी ठेवून वाचावी. वालीने सुग्रीवास राज्याबाहेर घालवून त्याची स्त्री घेतली; सुग्रीव हनुमंतादी चार सोबत्यांसह ऋष्यमूकावर दिवस काढू लागला; पुढे वाली पडला, सुग्रीव राजा झाला व तारा त्याच्याकडे आली. टोळीचा धनी, हाकललेला नर, डोंगरावरचा नरांचा जमाव, सत्तेची उलथापालथ, सारे काही तेच आहे. कवीने वानरांच्या टोळ्या पाहून ही कथा रचली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु साम्य डोळ्यांत भरते. आणि जेथे रानात बालहत्या होते नेमक्या त्या जागी कथेत काय होते? वालीचा पुत्र अंगद जिवंत राहतो. एवढेच नव्हे, तर सुग्रीवाच्या राज्याभिषेकाबरोबर त्या परक्याच्या पोरास यौवराज्याचा अभिषेक होतो. आणि पुढे रावणाच्या दरबारी शिष्टाईस जातो तो हाच अंगद. मनुष्याने वानरांची कथा सांगितली, तेव्हा तिच्यातील सर्व वानरपण ठेवून एवढी एकच गोष्ट त्याने बदलली. आपला स्वभाव ओळखण्यास तो बदल पुरेसा आहे.